ट्रायफलमधल्या ब्राउनीचा चिखल होऊ नये म्हणून

ट्रायफलचं काचेचं भांडं टेबलावर येतं तेव्हा थर कसे लख्ख दिसतात: तपकिरी, पिवळा, लाल, पांढरा. पहिला डाव आत गेला की खरं कळतं. एक तर तळाची ब्राउनी कस्टर्डमध्ये विरघळून चिखल झालेली असते, नाहीतर फ्रिजमध्ये राहून इतकी कडक झालेली असते की चमचा वाकेल पण ती तुटणार नाही. दोन्ही वेळा रेसिपी वाईट नसते. ती बशीत कोमट वाढून वर आइस्क्रीम घालायच्या ब्राउनीची असते, एवढंच. ट्रायफलमधली ब्राउनी थंड खाल्ली जाते आणि सात-आठ तास ओल्यात बसते. ती वेगळी बेक करावी लागते.

ट्रायफल मूळचं इंग्लंडचं. तिथे तळाला स्पंज केक, त्यावर शिंपडलेली शेरी, मग फळं, कस्टर्ड आणि क्रीम. स्पंज केकमध्ये हवा भरपूर, म्हणून तो वरून शिंपडलेलं सगळं पिऊन घेतो आणि तरी आकार सोडत नाही. ब्राउनी अमेरिकेतली, तिच्यात साखर आणि फॅट जास्त, पीठ कमी, हवा अगदीच थोडी. ती रस पीत नाही, बाहेरून आत विरघळत जाते. मधोमध ओलसर, जरा कच्चट ठेवलेली ब्राउनी खायला कितीही छान लागली तरी तिच्यातलं पीठ पुरतं शिजलेलं नसतं, म्हणून कस्टर्ड लागल्यावर तिला धरून ठेवायला आत काही उरत नाही. कडक होण्याचं कारण दुसरं. बटर आणि चॉकलेटमधलं कोको बटर फ्रिजच्या ४-५ अंशांत घट्ट गोठतात. तेल गोठत नाही.

म्हणून बदल चार. थोडं बटर काढून त्या जागी तेल. स्लॅबचं चॉकलेट कमी, कोको जास्त. साखर कमी, कारण कस्टर्ड आणि क्रीम गोडच असतात. आणि थर पातळ ठेवून पूर्ण बेक करायचं, मग रात्रभर मुरू द्यायचं.

साहित्य

खालचं प्रमाण ३ लिटरच्या भांड्यासाठी, १२ ते १४ माणसांचं आहे. आपल्या भांड्याची मापं डोळ्यांनी घेऊ नका. लिटरच्या मापाने पाणी ओतून मोजा. दिसायला प्रचंड वाटणारी बरीच भांडी दोन लिटरचीच निघतात, आणि मग वरचा क्रीमचा थर कुठे घालायचा असा प्रश्न पडतो.

डार्क चॉकलेट १०० ग्रॅम
बटर ७० ग्रॅम
वास नसलेलं तेल (सूर्यफूल किंवा राइस ब्रान) ४० ग्रॅम, म्हणजे ३ मोठे चमचे
पांढरी साखर १०० ग्रॅम, ब्राउन शुगर ५० ग्रॅम
अंडी ३ (कवच सोडून प्रत्येकी साधारण ५० ग्रॅम)
मैदा १०० ग्रॅम
कोको पावडर ३५ ग्रॅम
बेकिंग पावडर पाव छोटा चमचा
इन्स्टंट कॉफी अर्धा छोटा चमचा
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
मीठ चिमूटभर, तेही बटर बिनमिठाचं असेल तरच

टिन २३ सेंटिमीटरचा, म्हणजे नऊ इंची चौकोनी. छोट्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) हा टिन चारही बाजूंनी भिंतींना चिकटत असेल तर १८ सेंटिमीटरचे दोन गोल टिन घ्या. दोघांचं मिळून क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरतं. एकदम मावत नसतील तर एकामागून एक बेक करा. मिश्रण पंचवीस मिनिटं थांबल्याने काही बिघडत नाही, कारण बेकिंग पावडर नावालाच आहे. आठ इंची टिन वापरू नका. थर जाड होतो, कडा सुकेपर्यंत मधला भाग ओलाच राहतो, आणि नेमका तोच भाग पुढे विरघळतो.

वजनकाटा हवाच. कोणाचा कप २०० मिलिलिटरचा, कोणाचा २४०चा, आणि मैदा चाळून भरला की दाबून भरला यावर एका कपात वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. १०० ग्रॅम मैद्याच्या रेसिपीत तेवढा फरक म्हणजे वेगळाच पदार्थ.

चॉकलेटबद्दल थोडं सविस्तर. दुकानात डार्क स्लॅब मागितली की बहुतेक वेळा कंपाउंड मिळतं: त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं. मोर्डे कंपनीची स्लॅब, जी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मंचरची, तीही कंपाउंड आणि कूव्हर्चर (म्हणजे कोको बटरचं खरं चॉकलेट) अशा दोन्ही प्रकारांत येते. पाकिटावर काय लिहिलंय ते बघून घ्या. या रेसिपीत कंपाउंड चालतं का? चालतं, कारण चव मुख्यतः कोकोतून येते. पण थंड झाल्यावर कंपाउंडचा एक मेणचट थर टाळूला जाणवतो, आणि ट्रायफल थंडच खायचं असतं. परवडत असेल तर ५० ते ५५ टक्के कोकोचं खरं चॉकलेट घ्या. ७० टक्क्यांचं घेतलंत तर साखर २० ग्रॅमने वाढवा. कंपाउंडच घेणार असाल तर उलट २० ग्रॅमने कमी करा, ते आधीच पुष्कळ गोड असतं.

तेल घाण्याचं नको. शेंगदाण्याचं तर मुळीच नको. चिवड्यात जो वास हवासा वाटतो तोच इथे घात करतो. कोको, चॉकलेट चिप्स, टिन, बटर पेपर हे सगळं पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. ट्रायफलचं सरळ भिंतींचं काचेचं भांडंही त्याच फेरीत शोधा. उतरत्या भिंतींच्या भांड्यात खालचा थर बोटभर आणि वरचा ताटाएवढा होतो.

बेक करताना

ओटीजी १७० अंशांवर, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू ठेवून, पंधरा मिनिटं आधी तापत ठेवा. टिनला बटर पेपर लावताना दोन बाजूंनी तो बाहेर लोंबता ठेवा, नंतर अख्खा तुकडा त्यालाच धरून उचलायचा आहे.

चॉकलेटचे बारीक तुकडे, बटर आणि तेल एका पातेल्यात घ्या आणि दुसऱ्या पातेल्यातल्या गरम पाण्यावर ठेवा. खालचं पाणी खदखदायला नको, आणि वरच्या पातेल्याचा तळ त्याला टेकायलाही नको. चॉकलेट पाऊणएक वितळलं की खाली उतरवून ढवळत राहा, बाकीचं आपसूक विरघळतं. चमचा कोरडा हवा. नुसत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब गेले तरी ते घट्ट, रवाळ गोळा होतं. इथे बटर आणि तेल सोबत असल्याने धोका कमी, पण झालाच गोळा तर टाकून देऊ नका: एक-दोन चमचे कडक गरम पाणी घालून जोरात ढवळा, बहुतेकदा ते परत सरळ होतं. ऐकायला उलटं वाटतं, पण थोडं पाणी बिघडवतं आणि जरा जास्त पाणी सुधारतं.

या गरम मिश्रणातच चाळलेला कोको आणि कॉफी मिसळून टाका. गरम फॅटमध्ये कोकोची चव नीट खुलते आणि गुठळ्याही राहत नाहीत. मग बोट घालून कोमट लागेपर्यंत थांबा. घाई करून गरम मिश्रणात अंडी घातली तर आत पांढरे-पिवळे धागे होतात, म्हणजे चॉकलेटची भुर्जी.

दुसऱ्या भांड्यात अंडी, दोन्ही साखरा आणि इसेन्स हाताच्या व्हिस्कने एक मिनिट फेटा. एकच मिनिट. साखर अर्धवट विरघळली, मिश्रण जरा फिकं झालं की पुरे. इलेक्ट्रिक बीटरने पाच मिनिटं फेटलं की ब्राउनीला वर तो सुंदर चमकदार, पापडासारखा पापुद्रा येतो. बशीतल्या ब्राउनीला तो हवा. ट्रायफलच्या ब्राउनीला नको, कारण कापताना त्याचे कपचे उडतात आणि कस्टर्डमध्ये ओल्या कागदासारखे तरंगतात.

कोमट चॉकलेट अंड्यांत ओता, ढवळा. मैदा, बेकिंग पावडर (आणि लागत असेल तर मीठ) वर चाळून घाला आणि स्पॅच्युलाने खालून वर असं वळवत मिसळा. मैद्याची शेवटची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात थांबवा. जास्त घोटलं तर मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जातं. गरम असताना हा चिवटपणा लक्षात येत नाही, थंड झाल्यावर ब्राउनी खोडरबरासारखी लागते.

टिनमध्ये मिश्रण कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरा. जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटरचा थर होतो. "एवढंसंच?" असं वाटेल. फुगून तो पावणेदोन ते दोन सेंटिमीटर होतो, आणि आपल्याला तेवढाच हवा.

मधल्या जाळीवर २० ते २३ मिनिटं. अठराव्या मिनिटापासून बघायला लागा. खायच्या ब्राउनीत टूथपिकला ओलसर गोळे चिकटलेले असताना बाहेर काढायचं असतं. इथे टूथपिक जवळपास स्वच्छ यायला हवी, दोन-चार कोरडे कण चालतील. मधोमध बोटाने हलकेच दाबलं तर खळगा राहता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९४-९५ अंश बघा आणि बाकीच्या परीक्षा विसरा.

ओव्हनचे स्वभाव

घरगुती ओटीजीची चकती १७० दाखवते तेव्हा आत १५० असू शकतं किंवा १९०. आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर ही या सगळ्यातली सगळ्यात उपयोगी खरेदी. छोट्या ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो. बारा मिनिटांनी वर फॉइल सैल टाका, नाहीतर वरचा थर जळून आतला मागे पडतो. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असल्याने तापमान १६० ठेवा आणि टिन खालच्या स्टँडवर.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची मोठी कढई: तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर जाळी, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग आच अगदी मंद. वेळ ३५ ते ४० मिनिटं लागतो. वरून उष्णता नसल्याने वरचा भाग फिका आणि ओलसर राहतो, म्हणून कापल्यानंतर सुकवायचा जो टप्पा पुढे येतो तो इथे टाळू नका. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायच्या, आणि आत पाणी घालायचं नाही.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून मुंबईच्या रेसिपी आपल्याकडे बसतात असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. एवढ्या उंचीने ब्राउनी बसत नाही. ती बसते दार सारखं उघडून बघितल्याने.

मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस आला की वीज जाते. पहिल्या दहा मिनिटांत गेली तर दार न उघडता वाट पाहा. वीज आल्यावर तापमान परत चढेपर्यंतची मिनिटं धरू नका, त्यानंतर मोजायला सुरुवात करा. शेवटच्या पाच मिनिटांत गेली तर चिंताच नको, आतल्या उष्णतेवर ब्राउनी पूर्ण होते.

थंड करणं, कापणं, सुकवणं

अर्धा तास टिनमध्येच. मग बटर पेपर धरून उचला, जाळीवर पूर्ण गार करा, गुंडाळा आणि रात्रभर ठेवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये, एरवी बाहेर. या रात्रीत ओलावा कडेपासून मध्यापर्यंत सारखा पसरतो आणि ब्राउनी कापण्याजोगी घट्ट होते. त्याच दिवशी कापली तर निम्मी ब्राउनी चुऱ्यात जाते.

दुसऱ्या दिवशी चारही कडा सेंटिमीटरभर कापून बाजूला काढा. लांब सुरी, सरळ खाली दाब, करवतीसारखी मागे-पुढे नाही, आणि दर दोन कापांनंतर ओल्या फडक्याने पुसलेली. दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन करा. याहून लहान तुकडे विरघळतात, मोठे केले तर मध्ये पोकळ्या राहतात आणि चमच्यात ब्राउनीच ब्राउनी येते. कापून ठेवलेल्या कडा हातांनी चुरा; तो चुरा वर भुरभुरवायला लागणार आहे. मधल्या वेळात घरातली मुलं त्या कडा संपवतात, तेव्हा डबा जरा उंचावर ठेवा.

तुकडे परातीत सुटे पसरून दोन तास उघडे ठेवा. बाहेरून किंचित कोरडे पडले की कस्टर्डचा मारा सोसतात. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत ते सुकण्याऐवजी ओलच धरतात. तेव्हा १०० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवून गार करा. बेकरीतून आणलेली ब्राउनी वापरायची असेल तर हाच उपाय करा, फक्त १५ मिनिटं, आणि कस्टर्डमधली साखर निम्म्यावर आणा.

अक्रोड ब्राउनीत घालू नका. ओल्यात ते दुसऱ्या दिवशी मऊ आणि तुरट होतात. भाजून वरून घाला, तेही वाढताना.

बिनअंड्याची

पुण्यात पाहुण्यांपैकी निदान दोघं अंडं न खाणारे असतातच, तेव्हा सगळ्यांसाठी हीच केली तरी चालते. किंबहुना बिनअंड्याची ब्राउनी केककडे झुकते, आणि ट्रायफलमध्ये तो दोष न राहता गुण ठरतो. कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, चॉकलेट ८० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, तेल ३० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, दूध १२० मिलिलिटर, घोटलेलं ताजं दही ६० ग्रॅम, मैदा १३० ग्रॅम, कोको ३५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा. चॉकलेट-बटर-तेल वितळवा, कोको मिसळा, मग कंडेन्स्ड मिल्क, साखर, कोमट दूध, दही, शेवटी चाळलेली कोरडी जिन्नसं. इथे दही आणि सोडा एकमेकांशी लगेच काम सुरू करतात, त्यामुळे मिश्रण थांबवून चालत नाही. ओव्हन आधी तापलेला हवा. १७० अंशांवर २५ ते २८ मिनिटं. सोडा अंदाजाने घालू नका, जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती चॉकलेटनेही झाकत नाही. ही ब्राउनी जास्त भुसभुशीत असते, रात्रभर मुरवणं इथे सक्तीचं.

कस्टर्ड

आपल्याकडचं कस्टर्ड म्हणजे कस्टर्ड पावडर, आणि तिच्यात अंडं नसतंच. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नव्हती. पावडरचा आधार मक्याचं पीठ, म्हणून तिचा नियम अंड्याच्या कस्टर्डच्या बरोबर उलटा आहे. अंड्याचं कस्टर्ड उकळलं की फाटतं. पावडरचं कस्टर्ड उकळलं नाही तर कच्चं, पिठूळ राहतं आणि फ्रिजमध्ये पाणी सोडतं.

६०० मिलिलिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध. त्यातलं १०० मिलिलिटर गार बाजूला काढून त्यात ४ सपाट मोठे चमचे (३५ ग्रॅमच्या आसपास) पावडर कालवा. उरलेलं दूध ५० ग्रॅम साखरेसह उकळा, आच कमी करा, कालवलेली पावडर परत एकदा ढवळून (ती तळाशी बसते) धारेने ओता, ढवळत राहा. बुडबुडे फुटायला लागले की पुढे पूर्ण दोन मिनिटं शिजवा. पाकिटावर लिहिलेल्यापेक्षा हे दाट आहे, आणि तसंच हवं. पातळ कस्टर्ड ब्राउनीच्या फटींतून तळाशी जाऊन बसतं. साय धरू नये म्हणून प्लास्टिक फिल्म पृष्ठभागाला टेकवून लावा.

चव बघितलेला चमचा परत पातेल्यात बुडवू नका. उष्ट्याची शिस्त इथे रसायनशास्त्राच्याही कामाची आहे: लाळेतलं अमायलेज पिठाचे रेणू तोडतं, आणि छान दाट झालेलं कस्टर्ड तासाभरात पाणी होतं. "काल दाट होतं, आज सैल कसं झालं?" या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा त्या चमच्यात असतं.

कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावरच थरात घालायचं. कोमटसुद्धा नको, ब्राउनीतलं चॉकलेट वितळतं आणि सगळी मेहनत तळाशी जाते.

क्रीम आणि फळं

टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, ते त्या कामाचं नाहीच. डेअरी व्हिपिंग क्रीम ३५० मिलिलिटर घ्या, २५ ग्रॅम आयसिंग शुगर, आणि भांडं व बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३५ अंशांच्या वर गेलेलं असतं, तेव्हा भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवूनच फेटा. बीटर उचलल्यावर टोक जरासं वाकलं की थांबा. पुढे गेलात तर आधी ते रवाळ दिसतं, मग लोणी आणि ताक वेगळं होतं. त्याचं तूप कढवा, दुसरं पाकीट आणा. नॉन-डेअरी क्रीम (गोठवलेलं मिळतं ते) उन्हाळ्यात जास्त टिकतं आणि फुलतंही जास्त, ३०० मिलिलिटर पुरतं, पण ते आधीच गोड असतं, साखर घालू नका. टाळूला चिकटणारं त्याचं फॅट प्रत्येकाला आवडेलच असं नाही.

फळ ४५० ग्रॅम. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वर-वाईकडची स्ट्रॉबेरी मंडईत आणि रस्त्याकडेला ढिगाने असते, आणि चॉकलेटला तिच्याइतकं शोभणारं फळ नाही. देठासकट धुवा, कोरडी करा, मग देठ काढा. आधी देठ काढून धुतली तर आत पाणी भरतं. साखर लावून ठेवू नका, रस सुटून थर वाहतात. हिवाळ्यात नागपूरची संत्रीही उत्तम, फक्त पाकळ्यांची साल आणि बिया काढण्याचा कंटाळा नको. पुरंदरची ताजी अंजिरं चॉकलेटशी फार छान जमतात, पण ती वाढायच्या आधी वरच मांडा. अंजिराचा चीक दूध नासवतो, रात्रभर कस्टर्डमध्ये ठेवायचं ते फळ नव्हे. कच्चा अननस, पपई आणि किवी यांचंही तसंच: त्यांतली एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतात, क्रीम कडवट होतं. अननस हवाच असेल तर साखरेत पाच मिनिटं शिजवून, निथळून घ्या. केळं काळं पडतं. हापूस? ट्रायफल आंब्याचं करायचं तर स्पंज केक घ्या. कोकोसमोर आंब्याची बाजू पडतेच, आणि हापूसच्या भावात तो अपमान सहन होत नाही.

थर

भिजवायला ६० मिलिलिटर कडक बिनदुधाची कॉफी, त्यात चमचाभर साखर, पूर्ण गार केलेली. मुलांसाठी करत असाल तर कॉफीऐवजी संत्र्याचा रस, किंवा महाबळेश्वरहून आलेली क्रशची बाटली घरात उघडी असतेच, त्यातले ३ चमचे तेवढ्याच पाण्यात. हे ६० मिलिलिटर दोन थरांत मिळून आहे. ब्राउनीवर चमच्याने शिंपडायचं, ओतायचं नाही.

तळाला निम्मी ब्राउनी, तुकडे एकमेकांना चिकटवून. फटींत छोटे तुकडे बसवा. शिंपडा. मग भिंतीला टेकवून स्ट्रॉबेरीच्या चकत्या उभ्या लावा, कापलेली बाजू काचेकडे, उरलेल्या मध्ये. यापुढे बरेच जण लगेच कस्टर्ड घालतात. त्याआधी क्रीमचा एक पातळ हात द्या, क्रीममधल्या एक चतुर्थांशाचा. फॅटचा हा पडदा कस्टर्डचा ओलावा ब्राउनीपर्यंत सावकाश पोचू देतो, आणि दुसऱ्या दिवशीही तुकड्यांना धार राहते. मग निम्मं कस्टर्ड, कडेपासून मध्याकडे चमच्याने. पंधरा मिनिटं फ्रिज. पुन्हा ब्राउनी, शिंपडा, फळं, क्रीमचा हात, उरलेलं कस्टर्ड, आणि सगळ्यात वर राहिलेलं निम्मं क्रीम. प्रत्येक थरानंतर काचेची आतली बाजू ओल्या कागदी रुमालाने पुसत जा, नंतर ते जमत नाही.

फिल्म लावून ६ ते ८ तास फ्रिजमध्ये. चोवीस तासांपर्यंत चव वाढत जाते, त्यानंतर फळं पाणी सोडतात. झाकण घट्ट हवं. क्रीम शेजारचा वास ओढून घेतं, आणि आपल्या फ्रिजमध्ये शेजारी चिरलेला कांदा किंवा लसणाची चटणी असतेच. चुरा आणि भाजलेले अक्रोड अगदी वाढताना.

म्हणजे शनिवारी रात्री जेवण असेल तर शुक्रवारी संध्याकाळी ब्राउनी, रात्री कस्टर्ड. शनिवारी सकाळी सातला कापून सुकत टाका, नऊला क्रीम फेटा, दहापर्यंत थर लावून फ्रिज बंद. उन्हाळ्यात टेबलावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका.

दुसऱ्याच्या घरी न्यायचं असेल तर मोठं भांडं घेऊन स्कूटरवर बसायचा विचार सोडा. पुण्यातल्या स्पीडब्रेकरना कुठलाही थर पुरत नाही. २०० मिलिलिटरच्या झाकणाच्या बरण्यांत भरा, प्रत्येकीत साधारण ४० ग्रॅम ब्राउनी, तुकडे दीड सेंटिमीटरचे, आणि वर बोटभर जागा मोकळी. याच प्रमाणात चौदाएक बरण्या होतात. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांवर उभ्या ठेवल्या की सिंहगड रस्त्यावरून विमाननगरपर्यंत नीट पोचतात. चुरा वेगळ्या डबीत न्या.